‘२५० ओके’ : टपाल राखणाऱ्या जोड-डिस्कची गोष्ट

१/
इतिहासाचा थ्रेड म्हटला की किल्ला, लढाई, तह किंवा निदान एखादा ताम्रपट तरी असणार, अशी आपली सवय. आज त्यातले काहीच नाही. आज एका लहानशा हिरव्या दिव्याचा इतिहास सांगायचा आहे. तो दिवा पिवळा झाला की संगणकाच्या खोलीची जबाबदारी असलेला माणूस हातातला घास ठेवून उठतो. मेल सर्व्हरमधल्या दोन डिस्कपैकी एक निकामी झाली, एवढेच तो दिवा सांगत असतो. पण या ‘एवढेच’च्या मागे जवळपास सत्तर वर्षांचा विचार उभा आहे. थ्रेड लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

२/
काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या मेल सर्व्हरची देखभाल माझ्याकडे होती. यंत्रात एकेक टेराबाइटच्या दोन डिस्क, दोन्हींवर एकच मजकूर. एका रात्री त्यातली एक गेली. सर्व्हर चालूच होता, मेल येत-जात होते, कोणाला काही कळलेही नाही. मात्र त्या क्षणापासून संस्थेतल्या सगळ्यांच्या पत्रव्यवहाराची जगात एकच प्रत उरली होती. नवी डिस्क कपाटात तयार होती. प्रश्न एवढाच होता की मेलेली डिस्क दोनांपैकी कोणती? या प्रश्नाकडे पुढे येऊ. आधी मुळाकडे जाऊ.

३/
एका प्रतीवर भरवसा ठेवू नये, ही समज आपल्याकडे नवी नाही. मराठी दफ्तरांत अस्सल कागदाबरोबर त्याची ‘तालिक’, म्हणजे नक्कल, असते. धामधुमीत कागद गहाळ झाले किंवा जळाले, म्हणून पुन्हा सनद करून द्यावी, अशा विनंत्या जुन्या वतनी कागदांतून वारंवार भेटतात. अस्सल गेला तर तालिक, तालिक नसेल तर गोतसभेतल्या जाणत्या लोकांच्या साक्षी. तिघांच्या आठवणी जुळवून चौथ्याचा हरवलेला कागद पुन्हा उभा करायचा! ही शेवटची युक्ती लक्षात असू द्या. डिस्कच्या इतिहासात ती गणिताचा वेश घेऊन पुन्हा भेटणार आहे.

४/
मेल सर्व्हरवरची डिस्क इतर डिस्कपेक्षा वेगळी का मानायची? त्याचे उत्तर एका वचनात आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ‘आरएफसी ८२१’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला मेल कसा सोपवावा, याचे नियम त्यात आहेत. पाठवणारा मजकूर संपवतो, घेणारा ‘२५०’ हा आकडा आणि ‘ओके’ असे उत्तर देतो, आणि व्यवहार पुरा होतो.

५/
ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेल्या ‘आरएफसी ११२३’ने या ‘२५०’चा अर्थ ठणकावून सांगितला. तो आकडा उच्चारला की मेल पोचवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची झाली. ती गांभीर्याने घ्यायची. किरकोळ कारणाने मेल हरवता कामा नये, आणि ‘नंतर आमचे यंत्र बंद पडले’ हे कारणसुद्धा त्या दस्तऐवजाने किरकोळांतच मोजले आहे.

६/
यातली गोम अशी. ‘२५०’ ऐकल्याबरोबर पाठवणारे यंत्र आपल्या रांगेतली प्रत पुसून टाकते. त्या क्षणी त्या पत्राची जी काही प्रत असेल ती घेणाऱ्याच्या डिस्कवर असते, आणि बहुधा तेवढीच असते. उलट ‘२५०’ मिळालेच नाही, तर पाठवणारा धीर सोडत नाही. पुन्हापुन्हा प्रयत्न करीत राहतो. निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असे तोच दस्तऐवज सुचवतो. म्हणून मेल सर्व्हर तासभर बंद राहिला तर काही बिघडत नाही. स्वीकारलेले पत्र हरवले, तर मात्र वचनभंग होतो. टपाल खात्याचा माणूस दारात उशिरा आला तर आपण कुरकुरतो. पोच देऊन त्याने पत्र हरवले तर तक्रार करतो. तोच भेद इथे आहे.

७/
आता डिस्कच्या जन्माकडे. सप्टेंबर १९५६. आयबीएमने ‘३०५ रॅमॅक’ नावाचे यंत्र जाहीर केले. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावी रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने त्यासाठी पहिली हार्ड डिस्क घडवली होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, एकाच दांड्यावर रचलेल्या, मिनिटाला १२०० फेरे घेणाऱ्या. माहिती वाचणारा हात एकच. तो वर-खाली सरकून हव्या त्या तबकडीपाशी जाई आणि मग आत शिरे. एवढ्या पसाऱ्यात मावत किती? ५० लाख अक्षरे. आजच्या फोनमधल्या एका छायाचित्राएवढी. वजन टनाहून अधिक. भाडे महिन्याला ३२०० डॉलर.

८/
फिरणारी तबकडी आणि तिच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगणारा वाचक, ही रचना तेव्हापासून आजतागायत मुळात बदललेली नाही. अंतर घटत गेले, तबकड्या लहान झाल्या, खोके हवाबंद झाले. पण फिरणारी वस्तू कधीतरी झिजते, अडते, घासते. डिस्क मरणार का, हा प्रश्नच नव्हता; केव्हा मरणार, एवढाच होता.

९/
या अडचणीचे उत्तर डिस्कच्या जगाबाहेर, आधीच सापडू लागले होते. १९४७ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती रिलेवर चालणाऱ्या संगणकाला शनिवार-रविवारी काम लावून जात. चूक झाली की यंत्राला ती कळे. कामाच्या दिवशी अशा वेळी माणूस येऊन दुरुस्त करी. सुटीत माणूस नसे, म्हणून यंत्र ते काम टाकून पुढचे हाती घेई. लागोपाठ दोन सोमवारी हॅमिंग आले आणि दोन्ही वेळा त्यांचे काम अर्धवट टाकलेले! ते वैतागले. यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कुठे झाली हे शोधून त्याने स्वतःच ती सुधारू का नये? या वैतागातून १९५० मध्ये चुका सुधारणाऱ्या संकेतांवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध निघाला. गणिताच्या इतिहासात सोमवार सकाळच्या चिडचिडीचे योगदान बरेच मोठे असावे.

१०/
त्याहून साधी युक्ती म्हणजे ‘पॅरिटी’, सम-विषमाची खूण. आयबीएमच्या १९५२ च्या चुंबकीय फितीवर सात पट्टे असत. सहा मजकुराचे, सातवा केवळ तपासणीचा. ओळीतल्या एकांची संख्या ठरल्याप्रमाणे सम किंवा विषम नसेल, तर कुठेतरी घोळ आहे, एवढे कळे. नेमका कुठे, ते कळत नसे.

११/
आता एक छोटा हिशोब करू. तीन वह्यांत तीन आकडे आहेत: ७, ४ आणि ९. चौथ्या वहीत त्यांची बेरीज लिहिली: २०. दुसरी वही जळाली. काय करावे? २० मधून ७ आणि ९ वजा करा. उरले ४. जळालेला आकडा परत आला! मात्र इथे एक अट आहे, नीट पाहा. कोणती वही जळाली हे आपल्याला आधी ठाऊक होते. ते ठाऊक नसते, चारही वह्या शाबूत असत्या आणि एकीत कोणी गुपचूप खाडाखोड केली असती, तर बेरीज जुळत नाही एवढेच कळले असते.

१२/
डिस्कची गंमत अशी की ती मेली की बहुधा मेल्याचे कळते. उत्तर देत नाही, किंवा तिचा नियंत्रक चूक नोंदवतो. ‘कुठे’ हा हॅमिंग यांना छळणारा प्रश्न इथे आपोआप सुटतो, म्हणून डिस्कसाठी साधी बेरीज पुरते. (प्रत्यक्षात बेरीज नव्हे, बिटांची सम-विषम तुलना, तत्त्व तेच.) आयबीएमचे नॉर्मन केन ओउची यांना ३० मे १९७८ रोजी अमेरिकेत जे पेटंट मिळाले, त्याचा विषय हाच होता: निकामी झालेल्या साठवण-घटकातली माहिती उरलेल्यांवरून परत मिळवणे. त्याच दशकात टँडम कंपनीने दुसरी, अधिक सरधोपट वाट धरली होती. १९७६ पासून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या यंत्रांत प्रत्येक मजकूर दोन डिस्कवर लिहिता येई. आरशातले प्रतिबिंब. खर्च दुप्पट, पण बँकांना तो परवडत होता.

१३/
मग उजाडले १९८७-८८. स्थळ: बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ. डेव्हिड पॅटरसन, रँडी कॅट्झ आणि त्यांचा विद्यार्थी गार्थ गिब्सन. प्रोसेसर दरवर्षी झपाट्याने वेगवान होत होते आणि डिस्क मात्र कासवगतीने. मोठ्या संगणकांना जोडलेली आयबीएमची ‘३३८०’ ही डिस्क म्हणजे ७५०० मेगाबाइटचे धूड. २४ घनफूट जागा आणि ६६०० वॅट वीज खाणारे. दुसऱ्या टोकाला घरगुती संगणकांसाठी निघालेली कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क: १०० मेगाबाइट, १० वॅट, तळहातावर मावणारी. आणि मेगाबाइटमागे किंमत पाहिली तर धाकटीच स्वस्त!

१४/
मग एका थोरलीऐवजी पाऊणशे-शंभर धाकट्या का जोडू नयेत? जागा वाचेल, वीज वाचेल, आणि शंभर वाचक-हात एकाच वेळी काम करतील. कल्पना मोहक होती. तिला खीळ घालणारे गणितही त्यांनी स्वतःच मांडले, आणि मला त्या निबंधातली हीच गोष्ट सर्वांत प्रामाणिक वाटते. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरा. शंभर डिस्क एकत्र जोडल्या, तर त्यांतली कोणती तरी एक सरासरी ३०० तासांत जाणार. ३०० तास म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत! दर पंधरवड्याला सगळा साठा गमावणारे यंत्र कोण घेईल?

१५/
उत्तर अर्थात चौथी वही. शंभर डिस्कचे दहा-दहाचे गट पाडा, प्रत्येक गटाला एक तपासणीची डिस्क द्या. एक गेली की उरलेल्यांवरून तिचा मजकूर नव्या डिस्कवर पुन्हा लिहा. त्याच गटातली दुसरी डिस्क ते लिहून होण्याआधी गेली, तरच नुकसान. हा बदल-आणि-पुनर्लेखनाचा काळ त्यांनी एक तास धरला. तेवढ्याने ३०० तासांचे ८,२०,००० तास झाले. नव्वद वर्षांहून अधिक. शंभर डिस्कला शंभर प्रतिबिंबे ठेवली, तर पाचशे वर्षांच्याही पुढे. कागदावर.

१६/
जून १९८८ मध्ये शिकागोच्या सिगमॉड परिषदेत हा निबंध वाचला गेला. त्यांनी योजनेला नाव दिले ‘रेड’: रिडंडंट अॅरेज ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स, म्हणजे जादा प्रत राखणाऱ्या स्वस्त डिस्कच्या रांगा. आणि प्रतिस्पर्ध्याला, म्हणजे एकट्या, अवाढव्य, महागड्या डिस्कला, ‘स्लेड’. स्लेड म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी! विद्यापीठातल्या माणसांना एवढी चेष्टा माफ असावी.

१७/
निबंधात रेडचे पाच प्रकार, किंवा पाच ‘पातळ्या’, आहेत. पहिली आरशाची. दुसरीत हॅमिंग यांचा संकेत, दहा डिस्कमागे चार तपासणीच्या. तिसरीपासून एकच पुरते, कारण मेलेली डिस्क ओळखता येते. पाचवीत तपासणीचा भाग एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटून टाकलेला. मधल्या पातळ्या आज फारशा कोणी वापरत नाही. पहिली आणि पाचवी मात्र घराघरांत, म्हणजे सर्व्हर-घरांत, पोचली.

१८/
पुढची गंमत बाजारात घडली. कंपन्यांनी रेड उचलले, १९९० मध्ये ईएमसीने ‘सिमेट्रिक्स’ हे लहान डिस्कचे मोठे कपाट आणले आणि थोरल्या डिस्कचे दिवस भरले. पण नावातला ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ हा शब्द विक्रेत्यांना बोचू लागला. ‘स्वस्त’ नावाची वस्तू महाग कशी विकणार? हळूच त्या जागी ‘इंडिपेंडंट’ आला आणि तोच रूढ झाला. १९९४ मध्ये आयबीएमनेही लहान डिस्कची अशी रांग बाजारात आणली, आणि तिला नाव दिले... ‘रॅमॅक अॅरे’. आजोबांचे नाव नातवाला. पुढे पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांना जो सन्मान मिळाला, तोही पहिल्या डिस्कचे शिल्पकार रेनॉल्ड जॉन्सन यांच्याच नावाचा होता.

१९/
बर्कलीचे मेलशीही नाते आहे. एरिक ऑलमन यांचा ‘सेंडमेल’, ज्याने इंटरनेटचे टपाल कित्येक वर्षे वाहिले, तोही याच विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या आरंभी घडला. आपल्याकडे १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘एर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू केले. आठ संस्था त्यात होत्या, आणि जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आयआयटी या मुंबईतल्या दोन त्यांपैकीच. त्या दोघींमध्ये टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने मेल जाऊ लागला, तेव्हा बर्कलीत रेडचा निबंध जेमतेम आकार घेत होता. टपाल आणि कपाट अशी दोन्ही एकाच काळाची अपत्ये.

२०/
तरी मेल सर्व्हरने पाचव्या पातळीशी सोयरीक करताना नेहमी हात आखडता घेतला. कारण साधे आहे. मेल म्हणजे असंख्य बारीक लेखने. पाचव्या पातळीत एक लहान तुकडा बदलायचा तर जुना मजकूर वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा मजकूर लिहा, नवी बेरीज लिहा: एका कामाला चार खेपा. शिवाय ‘२५०’ म्हणण्यापूर्वी पत्र खरोखर डिस्कवर उमटले पाहिजे. स्मरणात ठेवून ‘ओके’ म्हणणे म्हणजे पोच देऊन पत्र खिशात ठेवण्यासारखे. म्हणून जाणत्या लोकांनी मेलसाठी बहुधा आरसाच पसंत केला. दोन डिस्क, एकच मजकूर. लिनक्समध्ये डिस्क जोडणारा ‘एमडी’ हा भाग १९९६ च्या सुमारास आला, २००१ मध्ये नील ब्राउन यांनी त्यासाठी ‘एमडीएडीएम’ हे साधन लिहिले, आणि ज्यांना महागडे कपाट परवडत नव्हते अशा कॉलेजांना नि छोट्या कचेऱ्यांनाही आरसा फुकटात मिळाला. आमचा सर्व्हर त्यांतलाच.

२१/
आता परत त्या रात्रीकडे. पडद्यावर आरशाची स्थिती दिसत होती. एरवी तिथे दोन ‘यू’ दिसतात, दोन्ही डिस्क शाबूत असल्याची खूण. त्या रात्री एक ‘यू’ आणि शेजारी एक अधोरेषा. एक जागा रिकामी. संगणकाच्या हिशोबी मेलेली डिस्क पहिली होती. खोक्यावर दोन कप्पे, त्यांवर कोणीतरी पूर्वी चिकटवलेल्या चिठ्ठ्या: ‘१’ आणि ‘२’. दिवा दोन्ही कप्प्यांना मिळून एकच. हात ‘१’कडे गेलाच होता.

२२/
इथे जिम ग्रे यांची आठवण काढलीच पाहिजे. हेच ते, टँडम कंपनीतले संशोधक. संगणक का बंद पडतात, या विषयावर १९८५ मध्ये त्यांनी एक अहवाल लिहिला. टँडमच्या यंत्रांत प्रत्येक भागाला जोडीदार होता, तेव्हा यंत्रभागांचा दोष किरकोळ असणार. तो निघाला सुमारे १८ टक्के. सॉफ्टवेअरचा २५. आणि सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, माणसांचा: चालवणारे, मांडणी करणारे, दुरुस्त करायला आलेले. दोन डिस्कपैकी एक मेली तर यंत्र तरते. दुरुस्त करणाऱ्याने उरलेली जिवंत डिस्क उपटली, तर ते तरत नाही.

२३/
त्यावर एक जुनी, साधी रीत आहे. प्रत्येक डिस्कवर कारखान्याचा क्रमांक छापलेला असतो आणि आज्ञा दिली की डिस्क तो स्वतःही सांगते. मेलेली बोलत नाही. म्हणून विचारायचे जिवंत डिस्कला. तिचा क्रमांक कागदावर लिहून घ्यायचा आणि तो क्रमांक नसलेली डिस्क काढायची. क्रमांक कप्प्याच्या आत होता, बाहेरून दिसेना. मग मी सर्व्हरच बंद केला. मेल थांबले. थांबू देत! जगभरचे पाठवणारे पुन्हा प्रयत्न करणारच होते. तसा शब्द १९८९ मध्येच ठरलेला होता. (बंद करण्यातही धाकधूक होतीच. वर्षानुवर्षे फिरत असलेली जुनी डिस्क थांबली की कधीकधी पुन्हा उठतच नाही.) ‘१’चा कप्पा बाहेर ओढला आणि क्रमांक वाचला. तो कागदावरचाच क्रमांक होता. म्हणजे जिवंत डिस्कचा. चिठ्ठ्या उलट्या होत्या.

२४/
तिला हलक्या हाताने परत आत सरकवले, ‘२’मधली काढली, नवी बसवली, सर्व्हर सुरू केला. जिवंत डिस्क उठली. नव्या डिस्कवर जुनीसारखेच भाग पाडले, तिला आरशात सामील करून घेतले, आणि पुनर्लेखन सुरू झाले. एक टक्का. दोन टक्के. हा सारा वेळ म्हणजे बर्कलीकरांनी एका तासाचा धरलेला तो काळ.

२५/
त्या एका तासाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १९८८ ची १०० मेगाबाइटची डिस्क सेकंदाला एक मेगाबाइट देई. दोन मिनिटांच्या आत सगळी वाचून होई. आजची २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला सुमारे २०० मेगाबाइट देते असे धरले, तरी अथपासून इतिपर्यंत वाचायला जवळपास २८ तास लागतात. पोट दोन लाख पटींनी वाढले, घसा दोनशे पटींनी. आणि पुनर्लेखनाच्या काळात उरलेल्या डिस्कवर एरवीपेक्षा कितीतरी अधिक ताण असतो. कोपऱ्यात पडलेला, वर्षभर कोणी न वाचलेला, गुपचूप खराब झालेला भाग नेमका तेव्हाच उघडकीस येतो. म्हणून डेबियन लिनक्ससारख्या प्रणालीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळा आरसा उगाचच वाचून ताडून पाहण्याची प्रथा आहे. एका डिस्कचा तोटा सोसणारी पाचवी पातळी मोठ्या साठ्यांना अपुरी वाटू लागली आणि दोन डिस्क गेल्या तरी तरणारी सहावी पुढे आली, तीही याच चिंतेतून.

२६/
फेब्रुवारी २००७ मध्ये ‘फास्ट’ परिषदेत दोन निबंध वाचले गेले. स्थळ पुन्हा सॅन होजे! एक गूगलचा, लाखाहून अधिक डिस्कचा. त्यात दिसले की मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी मृत्यूचे भाकीत करणाऱ्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकातही आधी काही खूण दाखवली नव्हती. दुसरा बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. होय, तोच गिब्सन, आता प्राध्यापक. कंपन्यांच्या माहितीपत्रकानुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क जायला हव्यात. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणे सर्रास दिसले, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. आणि अधिक महत्त्वाचे: डिस्कचे मरण एकमेकांपासून अलिप्त नसते. एकीपाठोपाठ दुसरी जाण्याचा संभव साध्या गणितापेक्षा जास्त. एकाच कारखान्याच्या एकाच घाण्यातल्या, एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच खोक्यात तापलेल्या बहिणी त्या; वेगवेगळ्या मुहूर्तावर जातीलच असे नाही. नव्वद आणि पाचशे वर्षांच्या त्या आकड्यांचा पाया असा त्यांच्याच एका जनकाने वीस वर्षांनी तपासून पाहिला.

२७/
आणि सगळ्या डिस्क शाबूत असूनही मेल जाऊ शकतात. २७ फेब्रुवारी २०११ रोजी काही जीमेल वापरणाऱ्यांनी खाते उघडले तर आत काहीच नाही. गूगलकडे मेलच्या अनेक प्रती होत्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या इमारतींत. पण साठवणीच्या सॉफ्टवेअरमधल्या नव्या बदलात दोष होता आणि तो दोष प्रतींनाही लागला. आरसा जसे आहे तसे दाखवतो. पुसलेलेही इमानाने पुसून दाखवतो. बाधित खाती सुमारे ०.०२ टक्के होती. ती वाचली चुंबकीय फितींमुळे. जाळ्यापासून तोडून ठेवलेल्या, दोषाचा हात न पोचलेल्या फिती. १९५२ च्या त्या सात पट्ट्यांच्या फितीची वंशजे.

२८/
आमच्या खोलीत पहाटे पाचच्या सुमारास पुनर्लेखन संपले. अधोरेषेच्या जागी दुसरा ‘यू’ आला. पण एक काम राहिले होते, आणि ते बहुतेक लोक विसरतात. आरशात मजकूर उतरतो. यंत्र सुरू करताना जो अगदी आरंभीचा तुकडा वाचला जातो, तो आपल्या मांडणीत आरशाबाहेर होता. तो नव्या डिस्कवर वेगळा लिहावा लागतो. नाहीतर वर्षभराने जुनी गेली की दोन ‘यू’ पाहून निश्चिंत राहिलेल्या माणसाला कळते की आपले यंत्र उठतच नाही. तो लिहिला. उलट्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि दोन्ही कप्प्यांवर त्या-त्या डिस्कचा क्रमांक ठळक लिहून चिकटवला.

२९/
रात्री सर्व्हर बंद होता तेवढ्या वेळात थांबलेले मेल एव्हाना एकामागून एक येऊन पोचले होते. नोंदवहीत ओळीवर ओळ: २५०, २५०, २५०. कपाटातली राखीव डिस्कची जागा आता रिकामी होती. कचेरी उघडल्याबरोबर नव्या डिस्कच्या मागणीचा अर्ज दिला. वेगळ्या घाण्यातली मिळाली तर बरी, असे त्यात खाली लिहिले.